ठोकळा

सराफ्यात सोन्याची शटरं पडली
की कढया चढतात.
रात्रीचे साडेबारा. गराडूवर लिंबू पिळत
मुळ्ये सर विलायतेतल्या जुन्या दारुड्यांविषयी सांगताहेत.

साडेतीनशे वर्षांमागे लंडनच्या गल्ल्यांत
चिल्लर टाकली की गाण्याचं एक पान मिळे,
वर लाकडी ठोकळ्याचं चित्र, खाली कडवी:
राजाच्या नावानं प्याला उचला!
न उचलेल तो गद्दार.
सांडेल तो अर्धा गद्दार.
गस्तवाला कंदील घेऊन आलाच
तर त्यालाही पाजा,
मग तोही राजाचा.

सरांच्या मिशीला जीरावन लागलंय.
"गंमत ठोकळ्याची आहे, शैला.
या पानावर तो राजा,
पुढच्या पानावर तोच फासावर जाणारा दरोडेखोर,
आणि तिसऱ्यावर बायकोनं हाकललेला चांभार.
ठोकळा महाग पडायचा ना. राजे काय,
येत-जात होते."

मी काही बोलले नाही.
मल्हारगंजातल्या आमच्या छापखान्यात
बाबूकाकांचा एक ठोकळा आहे, पगडीवाला, नाक झिजलेलं.
संस्थान होतं तेव्हा महाराजांच्या वाढदिवसाच्या चौपानीवर,
संस्थान गेल्यावर विडीच्या बंडलावर.
काका म्हणायचे, पगडी तीच, धूर वेगळा.

आज दिवसभर मी पत्रकं काढली.
सकाळी एका उमेदवाराची, दुपारी दुसऱ्याची,
मजकूर निराळा,
जोडलेले हात दोघांना एकच.

तेवढ्यात शेजारच्या ठेल्यावरची पोरं उठली,
गळ्यात उपरणी, हातात शिकंजीचे ग्लास.
"सर, भियाच्या नावानं! एक घोट तरी!"
गाणं सुरू झालं, चाल लग्नातली,
नाव तेवढं भियाचं बसवलेलं.
शिट्टी वाजवत हवालदार आला, "चला, बंद करा"
म्हणता म्हणता त्याच्या हातातही ग्लास.

सरांना साखर वर्ज्य.
पोरगा मात्र हलेना. हसत होता,
पण डोळे सरांच्या हातावर.
सरांनी माझ्याकडे पाहिलं
आणि डोळे मिटून एक घोट घेतला,
परीक्षेच्या हॉलमध्ये घंटा ऐकल्यासारखा.

मग माझी पाळी.
मी ग्लास उचलला. काचेवर अंगठा उमटला,
दुपारची शाई अजून ओली होती.
थोडी शिकंजी चपलेवर सांडली.

धक्का लागला, असं मी म्हटलं.
सर काही म्हणाले नाहीत.
पाकिटातून चिल्लर काढून
गराडूवाल्याला मोजून देत राहिले.