ताणकाटा

शनिवारी, ओहोटीची वेळ बघून,
उम्म अल कुवैनच्या खाडीवर आम्ही जमतो
उजाडायच्या आत.
मला वाकवत नाही, म्हणून माझ्याकडे काटा आणि वही.
पिकअपच्या मागच्या दांडीला काटा लटकतो,
त्याच्या आकड्याला शहर येऊन अडकतं.

तिवरांचा वास आमच्याकडच्यासारखाच.
चिखल तसाच, घोट्यापर्यंत ओढून घेणारा.
फक्त पलीकडे हिरवा डोंगर नाही,
पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्याच्या चिमण्या आहेत.

जाळं आलं. सव्वाअकरा.
निथळू द्या, मी म्हणते, खाडी कशाला तोलायची?
निथळल्यावर पावणेनऊ.
वहीत ८.७५, पण तोंडातून पावणे निघून जातं
आणि मुलतानचा इफ्तिखार हसतो एकटाच,
त्याच्या घरीही पाढे असेच म्हणत असणार.

बाटल्या, साडेचार.
डांबराचे गोळे, दोन पिशव्या, हात लावू नका.
शाळेतली मारिसेल आणते बरणीभर बॅटऱ्या,
गंजलेल्या, फुगलेल्या, पांढरं पीठ सुटलेल्या.
त्यांचा रकाना वेगळा, त्यांची पेटी वेगळी.
मग तारेचा एक घुमट, मासे धरायचा गरगूर,
काटा साडेसहावर थांबतो न थांबतो
तोच उबैद बिन सालिम काठी टेकत येतात,
तारेची एक दुमडी बोटाने चाचपतात,
म्हणतात, ही गाठ माझ्या भावाची.
आणि उचलून चालू लागतात.
मी ओळ खोडली.
वहीतून कचरा वजा झाला, असं पहिल्यांदाच.

मल्लेश नगरपालिकेचा. रोजचा.
आमचा उत्साह असतो तेव्हा त्याची ड्यूटी असते.
निजामाबादचा, नांदेडच्या बाजारात शिकलेली मराठी बोलतो.
गेल्या वर्षी म्हणाला होता,
अक्का, पिशवीत डायरेक हात नाही घालायचा.
आधी हलवायची. ऐकायचं.
आणि अंगठा दाखवला.
सुई होती. घरातल्या काळ्या पिशवीत.
तीनदा रक्त काढलं, सहा महिने बायकोला सांगितलं नाही.

कुठल्या बिल्डिंगची पिशवी?
मी विचारलं, आणि घसा उगाच साफ केला.
काय म्हाईत अक्का,
पिशवीला नाव असतंय का.

मी रोज दोनदा टोचून घेते, सकाळी आणि रात्री.
दोन वर्षं झाली होती तेव्हा.
कांद्याच्या सालींत, चहाच्या चोथ्यात,
गाठ मारून, जिन्याजवळच्या झडपेतून खाली.
पिशवी पडल्याचा आवाज यायच्या आत मी दार लावलेलं असायचं.
आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या बाईला
गुणाकार टाळता येत नाही.
चौदाशे साठ.
त्यातली एक की एकही नाही,
हे कुठल्याही ताळेबंदात बसत नाही.

त्या रात्री खजुराचा पत्र्याचा डबा रिकामा केला.
झाकणाला चीर पाडली, भोवती चिकटपट्टी.
भरला की मुकाट दवाखान्याच्या पिवळ्या पेटीत देऊन यायचे.
आज मात्र दवाखान्याचीच पेटी आली होती खाडीवर,
डबा पर्समधून काढला
आणि सगळ्यांसमोर आकड्याला लावला.
पाव किलोला थोडा कमी.

तिसरा रकाना : कुठे सापडलं.
वरून खालपर्यंत खाडी, खाडी, किनारा, खाडी.
मी लिहिलं, खोली ३०४, स्वयंपाकघर.

मल्लेशने डबा घेतला,
नारळातलं पाणी बघतात तसा
कानाशी धरून हलवला.
वाजतंय, म्हणाला. एवढंच.
मग दोन्ही हातांत उभा धरून
पेटीकडे घेऊन गेला.

त्याला कळलं का, मी विचारलं नाही.
मागून कुणीतरी ओरडलं,
एकच चप्पल आहे, डावी, लिहायची का?
लिहायची, म्हटलं. आण इकडे.