बर्फावर पट्टा लावत नाहीत

आमच्या बेटावर पोर चालायला लागलं की शिकवतात:
गोठलेल्या समुद्रावर गाडीत पट्टा लावायचा नाही,
मध्येच थांबायचं नाही,
आणि सूर्य बुडाला की रस्ता बंद,
मग पलीकडे कुणी मरत का असेना.
रस्त्याचे राखणदार माझे बाबा.
रोज पहाटे गिरमिटाने बर्फाला भोक पाडत,
जाडी मोजत, वहीत लिहीत.
बावीस. चोवीस. पुन्हा बावीस.

तो आला त्या फेब्रुवारीत मी पंधराची होते.
हेल्वेकाकूंच्या दुकानात शनिवारी गल्ल्यावर बसायची.
त्याने राईचा पाव घेतला, मेणबत्त्या,
आणि बॅटरीचे सेल. खूप सेल.
म्हणाला, मी बर्फाचा आवाज टिपतो.
तुमच्या समुद्राला गळा आहे, माहीत आहे तुला?

मला जन्मापासून माहीत होतं.
तरी मी "नाही" म्हणाले.

कानशिलांवर त्याचे केस पिकायला लागले होते.
तो एक हातमोजा विसरून गेला,
तो मी परत केला नाही.
उशीखाली ठेवला. त्याला डिझेलचा वास होता,
आणि आणखी कशाचा तरी, जो मला
तालिनचा वाटायचा, मोठ्या शहरांचा,
जिथे मला कुणी "राखणदाराची केर्तू" म्हणणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्याने विचारलं,
मुरीचा पाय बरा आहे का आता?
मी सांगत सुटले: टाके, मलम, रात्रभर कण्हणं.
मुरी आमचा कुत्रा.
त्याचं नाव मी याला कधी सांगितलं,
हा प्रश्न मला रात्री पडला
आणि मी त्या प्रश्नाकडे पाठ करून झोपले.

मार्चच्या चार तारखेला, दिवेलागणीनंतर,
त्याची गाडी अडसराला वळसा घालून बर्फावर उतरली.
शेजारी मी.
मधोमध ऐकायचा असतो खरा आवाज, म्हणाला,
आणि वाकून माझा पट्टा लावला.

खट्.

त्या एका आवाजाने माझ्या अंगातला सगळा वसंत उतरला.
बेटावरचं शेंबडं पोरही हे करत नाही.
मी म्हणाले, नको, इथे लावत नाहीत.
तो म्हणाला, मला माहीत आहे.

मग त्याने दिवे मालवले. गाडी थांबवली.
खालून बर्फ कण्हला, लांबवर, जणू कुणी
झोपेत कूस बदलावी.
त्याने माझ्या कानांवर हेडफोन ठेवले.

बर्फ नव्हता त्यात.
एक मुलगी हळू आवाजात कुत्र्याशी बोलत होती,
रडू नको रे, सकाळी बाबा येतील, असं काहीतरी.
मागे घड्याळाची टिकटिक. आमच्याच घड्याळाची,
जे तीननंतर जरा अडखळतं.
मुरीचा पाय कापला ती जानेवारीतली रात्र.
तेव्हा हा माणूस बेटावर नव्हता.
तेव्हा हा माणूस बेटावर नव्हता, असं आम्ही समजत होतो.

खटका उघडेना. कधी कधी अडकतो, तो म्हणाला.
तेवढ्यात चाकांखाली पहिली चीर गेली, बंदुकीच्या बारासारखी,
आणि त्याने डोळे मिटले. ऐकत राहिला. हसत होता.

खोकी फाडायची सुरी माझ्या खिशात होती.
दुकानातली. हेल्वेकाकूंना ती परत द्यायचं राहून गेलं होतं.

रस्त्याच्या कडेने बाबांनी जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या असतात.
अंधारात मी एकेक चाचपत गेले.
एक्केचाळीस. पुढे कंदील.
कंदिलामागे बाबा, ज्यांनी काहीच विचारलं नाही,
फक्त त्या रात्रीपासून मुरीला माझ्या खोलीत झोपवलं.

सकाळी चाकांच्या खुणा फांद्यांपलीकडे गेलेल्या दिसल्या,
उघड्या समुद्राच्या दिशेने, सरळ,
कुठेही न डगमगता.
वहीत त्या तारखेपुढे बाबांच्या अक्षरात: अठरा.
आणि त्यापुढे खोडलेला एक शब्द.

आता वही माझ्याकडे आहे, गिरमिटही.
भोक पडलं की पाणी वर येतं, आणि त्याआधी
जरासा आवाज येतो.
मी दूर बघते तेव्हा. कुणी ऐकतंय का, ते बघते.

तो हातमोजा जाळला असं मी सगळ्यांना सांगते.
उजव्या हाताचा होता.