गळतीचा रकाना

सन दोन हजार पंचावन्न.
तोवर मी पेन्शनीत,
शौकत शिकलगार, त्याच्याच हिशोबानं, मातीत.
तरी त्या सालातल्या माणसांना
दर माणशी एकशे पस्तीस लिटर
मला आजच वाटून ठेवायचंय.

एक्सेलमध्ये माणसं वाढवणं सोपं.
कोपरा धरून खाली ओढलं
की पाचगावची टेकडी भरते,
ज्यांच्या आया अजून बालवाडीत आहेत
ती पोरं तोंड धुवायला लागतात.
धरणापासून पाइप, पाइपापासून टाकी,
टाकीपासून गल्ली.
कागदावर पाणी कुठंच अडखळत नाही.

"पुराचं साल धरलंय न्हवं ह्यात?"
शौकत दारातूनच विचारतो.
उपशाच्या मोटारी बुडाल्या होत्या तेव्हा,
आणि उंबऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी एक बाई
रिकामी घागर डोक्यावर धरून त्याला म्हणाली होती,
"चावी फिरवायला इसरलास काय रं?"

मी मोटारींचा पाया साडेतीन मीटर उचलला.
एका बोटानं.

गळती: पंधरा टक्के.
नियमावलीत पंधराच असते.
शौकत हसला नाही. म्हणाला, "पहाटं या."

साडेतीन वाजता, शुक्रवार पेठ.
कुत्रीसुद्धा झोपलेली.
त्यानं लोखंडी गजाचं एक टोक रस्त्याला टेकवलं,
दुसरं माझ्या कानाला.
आधी नुसतं गार लोखंड.
मग खूप खाली
कुणीतरी तांदूळ पाखडत असल्यासारखं.

"शिशाचा जोड. माझ्या बानं वतलेला.
धा वर्सं झाली, बोलतोय.
ऐकाय कोण हाय?"

अंदाजपत्रकात मी दोन ओळी वाढवल्या.
गज, लोखंडी, नग चाळीस.
ऐकणारी माणसं, पदं चाळीस.
फाईल परत आली.
समासात हिरव्या शाईत शेरा:
'ऐकणे या कामाचा दर दरसूचीत नाही.'

धरणाचा आकडा मात्र मंजूर.
तो मोठा होता, कुणाला टोचला नाही.

शौकत मेअखेर रिटायर होतोय.
गज त्यानं माझ्या टेबलामागं उभा करून ठेवलाय,
छत्रीसारखा.
मंगळवारी पहाटे मी तो घेऊन निघते.
चार गल्ल्या होतात, कधी पाच.
वाहतं पाणी आणि गळतं पाणी
यातला फरक आता कळतो,
पण रिक्षा गेली की परत पहिल्यापासून.