चौथं घमेलं

खिडकीची काच फुटली तेव्हा बाहेर उणे चौतीस होतं.
म्याग्मारच्या हातात स्वयंपाकघरातला डाव,
डोळे कोरडे ठक्क,
आणि वसतिगृहातली बावीस पोरं
पलंगांवर पाय वर घेऊन बसलेली,
जणू जमिनीवरून पाणी वाहतंय.

मी ओरडले.
उलानबातरच्या कॉलेजात शिकले होते:
आवाज उतरवा, गुडघे वाकवून त्याच्या उंचीला या,
भावनेला नाव द्या.
त्यातलं एक अक्षर त्या वाऱ्यात टिकलं नाही.
'तुझ्या बापालाच बोलावते,' म्हणाले,
आणि डाव माझ्या कानाजवळून गेला.

दोल्गोर आली. बॉयलरवाली.
दातांत खिळे, काखेत घोड्याच्या पाठीवरचा जुना नमदा.
तिनं ना त्याच्याकडे पाहिलं, ना माझ्याकडे.
नमद्याचं एक टोक चौकटीला लावलं,
दुसरं पुढं केलं:
'धर. सोडलंस तर सगळे गोठू.'

त्यानं धरलं.
ती ठोकत राहिली, तो धरून राहिला,
आणि कितव्याशा खिळ्याला
त्याचे खांदे कानांपासून खाली आले.

मंगळवारी जन्मला म्हणून म्याग्मार.
वय नऊ. राग नाकाच्या शेंड्यावर,
हे रजिस्टरात मीच लिहिलेलं, जरा सभ्य शब्दांत.
बाप दर गुरुवारी त्या टेकाडावर घोडा घालतो
जिथं फोनला रेंज येते.
तीन मिनिटं. कुठली शेळी व्याली,
कुत्र्याचा पाय बरा झाला का.
दोन गुरुवार फोन नव्हता.
गवत बर्फाखाली गेलं होतं,
जनावरं उभ्याउभ्या मरत होती.
पोरांना सांगायचं नाही, असं आम्ही मोठ्यांनी ठरवलेलं.
पोरांना सगळं ठाऊक होतं.
आम्हाला ठाऊक आहे
एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

'आलं की ये,' दोल्गोर त्याला म्हणाली.
काय आलं की, ते तिनंही सांगितलं नाही
आणि त्यानंही विचारलं नाही.
ढिगापासून भट्टीपर्यंत अकरा पावलं.
'आज किती घमेली?'
कधी दोन. एकदा चौदा.
लहान पोर भट्टीजवळ? मी हटकलं.
'भट्टी मी बघते. कोळसा थंडच असतो, बाई.'
डोक्यात राख घालून आलेलं पोर
राख उपसून, हात धुऊन, गणिताला यायचं.
गणित तसंही त्याला जमत नव्हतं.

मार्चमध्ये त्यानं ल्हाग्वाचा कान चावला.
रक्त आलं.
मी पुन्हा ओरडले,
फक्त या वेळी वाक्य निम्म्यात गिळलं.
तो पळाला, टोपीशिवाय, अंगण ओलांडून.
ल्हाग्वाच्या कानाला कापूस लावून
मी मागं गेले. धावले नाही.
त्याला ऐकू येतील एवढी पावलं वाजवत गेले.

दोल्गोर जेवायला गेलेली. भट्टीचं दार बंद.
तो एकटाच फावडं मारत होता.
'किती?' मी उंबऱ्यातून विचारलं.
बऱ्याच वेळानं म्हणाला, 'चार.'

पहिलं आदळलं.
दुसरं वाटेत सांडलं.
तिसरं भरता भरता तो ढिगावरच बसला
आणि रडला, नाकतोंड काळं करून,
तान्ह्या पोरासारखा, लाज न बाळगता.
शिंगरू, म्हणाला.
माझं होतं.
आमच्यात घोड्याला नाव नसतं, रंग असतो.
त्यानं मला रंग सांगितला.

मला कॉलेजातलं काही आठवलं नाही.
आठवलं असतं तरी
ते कुठं ठेवायचं हे कळलं नसतं.
चौथं घमेलं राहिलं होतं.
ते मी भरलं.