जुलैची पाकळी

मे संपत आला की उन्हाळ्याचा अंदाज
लिहायला माझ्याकडे येतो.
कचेरीच्या खिडकीतून खिखोनचं बंदर दिसतं,
मागे डोंगर, दिसले तर.
नकाशात तीन रंग भरायचे:
सरासरीहून गरम, सरासरीइतका, सरासरीहून थंड.
खाली एक ओळ: गरम असण्याची शक्यता पन्नास टक्के,
पावसाबद्दल ठोस काही सांगता येत नाही.
ही ओळ मी अकरा वर्षं लिहितेय,
दरवर्षी शब्द थोडे हलवून.

मग फोन.
वाळूवर छत्र्या भाड्याने देणारा सान्दालिओ:
"आणखी चाळीस घेऊ का? पैसे बायकोचे आहेत, म्हणून विचारतो."
टुनाच्या बोटीवरून कुणी: पाणी किती तापेल?
एका नवरीची आई: एकवीस जुलै, दुपारी चार,
फक्त तेवढंच सांगा, बाकीचा उन्हाळा तुमचा तुम्हाला.

बेलार्मिनोमामाचा फोन येत नाही.
वरच्या ओकच्या पलीकडे रेंज नाही,
आणि असती तरी त्याने केला नसता.
त्याच्याकडे कांदा आहे.
एकतीस डिसेंबरच्या रात्री फळीवर बारा पाकळ्या,
प्रत्येकीत चिमूटभर मीठ;
सकाळी जिला पाणी सुटलं तो महिना ओला.
यंदा जून कोरडा. ऑगस्ट कोरडा.
जुलैच्या पाकळीत मीठ उरलंच नव्हतं,
भरून आलेल्या डोळ्यासारखी ती फळीवर बसली होती.

रविवारी वर गेले.
किनाऱ्यावर चोवीस अंश, मुलं पाण्यात.
अकराव्या वळणावर ओर्बायू सुरू झाला.
पाऊस म्हणावा तर छत्री उघडायची लाज वाटते,
नाही म्हणावं तर फाटकापासून दारापर्यंत
शर्ट पिळावा लागतो.

"तुझं यंत्र काय म्हणतं?"
"पन्नास टक्के."
"पन्नास टक्के वाळलेलं गवत
गंजीत आपोआप पेटतं," मामा म्हणाला,
आणि चीज कापायला लागला.

तीन वर्षांपूर्वी मी कोरडा उन्हाळा लिहिला होता.
त्या वर्षी त्याने कांदा बाजूला ठेवला,
माझ्यावर विश्वास ठेवून सगळा उतार कापला.
धुकं नऊ दिवस उठलं नाही.
काळं पडलेलं गवत त्याने ओढ्यात लोटलं,
थंडी यायच्या आत पिंता आणि गालाना विकल्या.
हे मला दूधगाडीवाल्या फ्रोइलानने सांगितलं.
मामाने कधीच नाही.
त्या वर्षीची सरासरी मात्र बरोबर आली होती.
खाली किनाऱ्यावर.

"जूनबद्दल तुझं नि कांद्याचं जमतंय," तो म्हणाला,
"पण जूनमध्ये गवत गुडघ्याएवढंसुद्धा नसतं.
मला उन्हाळा नको गं, ओल्विदो.
चार दिवस दे. सलग."

माझ्या नकाशात चार दिवसांचा रंग नाही.
त्याचा उतार एका ठिपक्याच्या कोपऱ्यात मावतो,
आणि त्याच ठिपक्यात तीन गावं, एक खिंड,
एक शिखर आणि अर्धा समुद्र.

निघताना त्याने वाळलेली जुलैची पाकळी
माझ्या खिशात टाकली. "ने. तुझ्या मशीनला दाखव."

अंदाज छापायला गेला.
शेवटी मी एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं:
डोंगरातले कोरडे दिवस आम्हाला चार दिवस आधी कळतात,
तेव्हा कळवू.
साहेबांनी "तेव्हा कळवू" खोडलं.
आपलं खातं निरोप्याचं नाही, म्हणाले.

म्हणून फ्रोइलानशी ठरवून टाकलंय.
मामाच्या फाटकाशी तो रिकामा कॅन ठेवतो;
झाकण उलटं असेल, तर काप.
सुलटं असेल, तर थांब.

आज सात जुलै.
संध्याकाळच्या नकाशात परवापासून दक्षिणेचा वारा आहे,
चार दिवस, कदाचित साडेतीन.
खण उघडून बघितला.
पाकळी ओली झालीय, कागदाला डाग.
बंदरावरची हवा दमट असतेच, मी स्वतःला सांगते,
मीठ काय, आमच्या खिडकीत साखरेलाही पाणी सुटतं.

फ्रोइलान पहाटे साडेचारला निघतो.
फोन हातात आहे.