गिरमिट

दवाखान्याच्या फॉर्मवर एक रकाना होता: छंद.
मी लिहिलं, भोकं पाडणं.
नर्स मेर्वीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेर, गोठलेल्या सरोवराकडे,
आणि म्हणाली, हां, तसली भोकं.

चाळीस हिवाळे मी हेच करत आले.
टपाल वाटून झालं की पाठीवर गिरमिट,
बुडाखाली पालथी बादली,
हातभर बर्फात आरपार एक भोक
आणि त्याच्याशी तासन् तास न बोलणं.
मासे? लागायचे कधीमधी. मांजरापुरते.

आता एक मंगळवार सोडून एक
शिरेत असं औषध जातं, ज्याचं थंडीशी वैर आहे.
फ्रिजची मूठ धरली की बोटांत सुयांचा पुडा सांडतो.
दूध कोमट. काटे-चमचे आधी गरम पाण्यात.
नळाखाली हात धरायची चोरी.
"थंडी टाळा," डॉक्टर म्हणाले,
फिनलंडात, जानेवारीत,
आणि स्वतःच हसले बिचारे.

"आणि मन प्रसन्न ठेवा."
कुठे ठेवायचं, ते पत्रकात नव्हतं.
मी गिरमिट शेडमध्ये टांगलं,
पात्यांना तेल लावलं,
परत न येणाऱ्याचे बूट पुसून ठेवावेत तसं.

मग शेजारचा एतू आला, वय अकरा,
नाक वाहतंय, टोपी डोळ्यांवर:
"हेल्वी, तुझं गिरमिट रिकामंच आहे ना?"
रिकामंच. पोराला नेमका शब्द सापडला.

मी खिडकीत. कंबरेला औषधाचा पंप,
दोन दिवस घुरघुरणारं पाळीव जनावर.
कानाला फोन, डोळ्याला दुर्बीण.
तो बर्फावर, नखाएवढा.
"वाकड्या पाइनच्या रेषेत ये.
अजून तीस पावलं. तुझी नव्हेत, माझी."
पहिला मासा लागला तो काटेरी, बोटाएवढा,
इथे ज्याला कुत्रंही विचारत नाही.
त्याने तो फोनसमोर धरला.
मी म्हटलं, वा! शेपटीपासून डोक्यापर्यंत मासा आहे.

त्या रात्री झोप नाही.
औषधाने की त्या काटेरी माशाने, देव जाणे.
पहाटे लक्षात आलं, बोटं विसरली असतील,
पण सरोवराचा सगळा तळ मला पाठ आहे:
कुठे खडक, कुठे गाळ,
कुठे रौनिओची बुडालेली स्लेज.
उरलेला वॉलपेपर उलटा पसरला.
पेन्सिलीला फोमची जाड नळी चढवली,
बारीक वस्तूंना हात हल्ली ओळख देत नाहीत.
रेघ थरथरली. थरथरू दे.
किनारा कुठे सरळ असतो?

सगळेच दिवस नकाशाचे नसतात.
काही मंगळवार नुसते बादलीचे.
तीच बादली, फक्त आता पालथी नाही.
अशा दिवशी एतू फोन करत नाही.
दारात मासा ठेवून जातो, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि मी त्याच्या वासानेच पुन्हा बादली गाठते.
हे त्याला सांगितलेलं नाही.

नकाशात तीन तुकडे कोरे निघाले.
चाळीस वर्षांत मी तिथे कधी बसलेच नव्हते.
म्हणजे मी मासे नाही, सवय पकडत होते.
दोन तुकडे भरले: एतू दोरीला शिसं बांधून सोडतो,
गाठी मोजतो, ओरडून आकडा सांगतो,
मी इथे लिहिते.

तिसरा आज.
"हेल्वी, वीस मीटर! दोरी संपली.
तळ लागतच नाही."
"हलू नकोस," मी म्हणते.

स्कॅन गुरुवारी आहे.
बर्फ एप्रिलपर्यंत टिकेल.
मी स्वयंपाकघरातला ड्रॉवर उपसतेय:
सुतळी, नाताळची लाल फीत,
बुटाच्या दोन नाड्या, वेगवेगळ्या रंगांच्या.
गाठ बोटांनी बसत नाही.
दातांनी ओढतेय.