विषयातला ष

चोपड्याला तहसील कचेरीच्या कुंपणालगत
पत्र्याखाली माझं मशीन असतं.
वडिलांचं. त्यातला ष चा खिळा तुटलाय,
आणि तो आता जळगावला मिळत नाही, भुसावळला मिळत नाही.
म्हणून प्रत्येक अर्जात वि आणि य च्या मध्ये
मी एक घर रिकामं सोडते,
आणि कागद बाहेर काढला की
निळ्या पेनाने ष भरते.

मा. आमदार साहेब यांस.
विषय :
लोक इथेच अडतात.
काय लिहू, विचारलं की
पायातली चप्पल नीट करतात.

आज पहिले आले देवराज गुरुजी. एकाच पानात त्यांना हवा
गल्लीच्या खांबावरचा दिवा
आणि परदेशातून येणाऱ्या कापसावरचा कर.
म्हटलं, गुरुजी, दिवा पालिकेकडे, कापूस खासदारांकडे,
दोन अर्ज होतील.
ते म्हणाले, दिवा लागला तरच मला
कापसाची बातमी वाचता येईल ना?
टाईप कर.

मग सुमली पावरा, सातपुड्यातून, दोन गाड्या बदलून.
आज्याने दोरीने मोजलेलं शेत,
दाव्याच्या कागदाची घडी घडीवरच फाटलेली.
मजकूर तिने वहीत आधीच लिहून आणला होता.
जाताना विचारलं, ताई,
दिल्लीपर्यंत जाईल तोवर हे मराठीतच राहील?
मला माहीत नव्हतं.
मी तिच्याकडून एका पानाचे पैसे घेतले, पानं तीन होती.

झिपरूआबा सैंदाणे पावसाळा संपल्यावर आले होते.
आबांची बायको श्रावणात गेली.
नाल्याला पाणी, तिरडी अलीकडे,
स्मशान पलीकडे.
दुपारपासून दिवे लागेपर्यंत चौघांनी खांदे बदलले.
आबा म्हणाले, "लिख बहीन,
आम्हनं मढं बी चिखलमा थांबस."
मी लिहिलं : स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता
पावसाळ्यात वहिवाटीस अयोग्य असतो.
वाचून दाखवलं.
आबांनी वहिवाट म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं.
"हां. मंग बराबर शे."

आता जे सांगते ते कुंपणाबाहेर कुणाला माहीत नाही.
शनिवारी संपर्क कार्यालयातून हितेंद्र येतो,
नावांची यादी घेऊन.
साहेबांचं म्हणणं, मशीनवरचं पत्र लोकांना खरं वाटतं,
काही जण तर काच लावून भिंतीवर टांगतात.
पानाला आठ रुपये.
आपले पत्र प्राप्त झाले. सदर विषयी
संबंधित विभागास कळविण्यात आले आहे.
आठवडाभर मी विचारते,
शनिवारी मीच उत्तर देते,
आणि दोन्हीकडे तेच एक घर रिकामं.

परवा आबा परत आले. प्लास्टिकच्या पिशवीत पत्र,
पिशवीला रबर.
वाचता येत नाही त्यांना.
पण तापीवर नाव चालवलीय जन्मभर,
पाण्याचा रंग जरा बदलला तरी कळतो.
काळ्या ओळीतल्या निळ्यावर बोट ठेवलं.
"हाऊ ते तुना शे ना?"

पलीकडे स्टॅम्प वेंडर कुणाला तरी सुटे मागत होता.
मी म्हटलं, हो आबा. माझाच.

ओरडले असते तर बरं झालं असतं.
बराच वेळ कागद तसाच धरून बसले,
मग एवढंच :
"मंग साहेबनी वाचं का?"

मी नवा कागद चढवला.
मायना तोच. विषयापुढे या वेळी
आबांचं वाक्य, आबांच्याच बोलीत,
मढं, चिखल, सगळं.
मग कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला,
पेन दिलं, रिकामं घर दाखवलं.

त्यांचा हात वल्ह्याचा.
ष झाला नाही.
काहीतरी वाकडं, आडवं,
एका काठावरून निघालेलं
आणि य च्या अंगावर जाऊन थांबलेलं.

मी खोडलं नाही.
पाकिटात घालून, तिकीट लावून, समोरच्या पेटीत टाकलं.

उद्या शनिवार.